दवाखान्यातला एआय, भरवसा ठेवायचा का? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी बरीच वर्षं हॉस्पिटलांच्या डेटावर काम करते. म्हणजे डॉक्टर नाही आणि सॉफ्टवेअर विकणारीही नाही, मधली. त्यामुळे दोन्हीकडचे लोक मला तेच ते विचारतात आणि मी तेच ते सांगते, शेवटी म्हटलं एकदाच लिहून टाकू. क्रम वगैरे लावलेला नाही, आठवेल तसं लिहिलंय.

विश्वासार्ह एआय म्हणजे नक्की काय? सगळेच म्हणतात आमचं विश्वासार्ह आहे.

हो ना, हा शब्द आता पाकिटावरच्या "शुद्ध" सारखा झालाय, छापायला कोणाला विचारावं लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२१ मध्ये आरोग्यातल्या एआयसाठी सहा तत्त्वं मांडली: निर्णय माणसाच्या हातात राहावा, माणसाचं भलं आणि सुरक्षितता बघावी, लपवाछपवी नको, जबाबदारी कोणाची ते ठरलेलं असावं, कुणी वगळलं जाऊ नये, आणि ते टिकणारं असावं. तत्त्वांशी कोणाचंच भांडण नाही. पण मी स्वतः एकच गोष्ट विचारते, हे चुकेल तेव्हा कोणाच्या लक्षात येणार आणि किती दिवसांनी? याचं उत्तर ज्याच्याकडे नाही ते मॉडेल (म्हणजे जुन्या डेटावरून अंदाज करायला शिकवलेला प्रोग्रॅम) कितीही हुशार असो, माझ्या लेखी विश्वासार्ह नाही. न चुकणारं मॉडेल मी अजून पाहिलेलं नाही, त्यामुळे तो निकष लावण्यात अर्थ नाही.

एआय म्हणजे चॅटबॉटच ना?

नाही. हॉस्पिटलातला बराचसा एआय मुका असतो. सीटी स्कॅनच्या रांगेत मेंदूत रक्तस्राव वाटतोय ती फाइल वर सरकवणारा, ईसीजी वाचणारा, वॉर्डातला कोणता पेशंट बिघडू शकतो याचा स्कोअर देणारा. आणि ही काही कालची गोष्टही नाही. १९७० च्या दशकात स्टॅनफर्डमध्ये मायसिन नावाचा प्रोग्रॅम होता, साधारण ६०० नियम होते त्यात, रक्तातलं इन्फेक्शन कशाचं आणि कोणतं अँटिबायोटिक द्यायचं ते सांगायचा. चाचणीत तज्ज्ञांच्या तोडीस तोड उतरला, पण प्रत्यक्ष वॉर्डात कधी वापरलाच नाही. हुशारी कमी पडली म्हणून नव्हे हं, डॉक्टरने बसून एकेक प्रश्नाचं उत्तर टाइप करायचं इतका वेळ कोणाला होता, आणि चुकलं तर कोणाच्या डोक्यावर हेही ठरलेलं नव्हतं. यातला दुसरा मुद्दा आजही बऱ्याच मीटिंगमध्ये तसाच पडून असतो.

डेटा सायंटिस्ट दिवसभर करतात काय? मॉडेल बनवतात ना?

मॉडेल बनवणं हा छोटा भाग. बाकी वेळ आम्ही धुणीभांडी करतो. उदाहरण देते. तापमानाचा कॉलम उघडला तर अर्धे आकडे ३७ च्या आसपास आणि अर्धे ९८ च्या, म्हणजे दोन युनिटं एकत्र. वजन ७०० किलो, कारण ७०.० लिहिताना टिंब राहिलं. जन्मतारीख १ जानेवारी १९००, कारण सिस्टिम ती जागा रिकामी ठेवू देत नाही आणि बेशुद्ध पेशंटला कोण विचारणार. आणि एका वॉर्डात तर श्वासाचा वेग सगळ्यांचा १८. सगळ्यांचा, रात्रंदिवस. कारण तो पूर्ण मिनिटभर मोजायला कोणाला फुरसत नसते, मग १८ लिहितात. आता हा आकडा मॉडेलला खाऊ घातला की ते इमानदारीत शिकणार, श्वासाच्या वेगाचा आजाराशी काही संबंध नाही!

वरून गंमत अशी की हॉस्पिटलचा डेटा म्हणजे पेशंटच्या शरीराचा फोटो नाही, ती हॉस्पिटलच्या वागण्याची डायरी आहे. २०१८ मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला होता, त्यात १७४ पैकी ११८ प्रकारच्या तपासण्यांमध्ये रिपोर्टमधल्या आकड्यापेक्षा तपासणी किती वाजता केली यावरून पेशंट जगेल का याचा अंदाज जास्त बरोबर येत होता. पहाटे ३ ला रक्त पाठवलंय म्हणजे कोणीतरी डॉक्टर घाबरलेला आहे, एवढं सरळ आहे ते.

माझीही एक फजिती सांगते. इन्फेक्शन आधी ओळखायचं मॉडेल केलं होतं आम्ही, निकाल इतका झकास की टीममध्ये सगळे हवेत. एका सिनिअर सिस्टरला दाखवलं, तिने यादी वरून खाली वाचली आणि म्हणाली, "अगं पण यातल्या सगळ्यांना अँटिबायोटिक आम्ही आधीच सुरू केलंय, आता हे आम्हाला काय नवीन सांगणार?" झालं. औषधांचा कॉलम आत राहिला होता, मॉडेल इन्फेक्शन ओळखत नव्हतं, डॉक्टरांनी ते ओळखलंय हे ओळखत होतं. तो कॉलम काढला आणि निकाल जमिनीवर आला. त्या सिस्टरला मी आता प्रत्येक प्रोजेक्टच्या पहिल्या आठवड्यातच गाठते.

अ‍ॅप ९० टक्के अचूक आहे म्हणतात, मग चांगलंच की?

थांबा, एक हिशोब करू. समजा हजार जणांना तपासलं आणि आजार शंभरात एकाला आहे. म्हणजे खरे आजारी १०. मॉडेल आजाऱ्यांपैकी ९० टक्के पकडतं, म्हणजे ९ सापडले, १ सुटला. उरले ९९० ठणठणीत, त्यातल्या ९० टक्क्यांना ते बरोबर ठणठणीत म्हणतं, पण १० टक्क्यांना, म्हणजे ९९ जणांना चुकून लाल दिवा लागतो. एकूण लाल दिवे १०८, त्यातले खरे ९. म्हणजे बारातला एक. बाकीचे अकरा जण घरी जाऊन रात्रभर जागे.

आणि कहर म्हणजे याच हजार जणांत सगळ्यांनाच "तुम्हाला काही नाही" म्हणणारं मॉडेल ९९ टक्के अचूक ठरतं. म्हणून नुसता अचूकपणाचा आकडा ऐकला की मी पुढचे दोन विचारते, खरे आजारी किती सुटले आणि खोटे अलर्ट किती वाजले. सांगायला टाळाटाळ झाली की समजून जायचं.

मशीनला जात-रंग काय कळतो? ते भेदभाव कसा करेल?

त्याला कळायची गरजच नाही, आपण दिलेल्या आकड्यांत तो भेदभाव आधीच मुरलेला असतो. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण २०१९ मध्ये सायन्स या नियतकालिकात आलं. अमेरिकेत एक प्रोग्रॅम वापरात होता, कोणत्या पेशंटकडे जास्त लक्ष द्यायला हवं ते निवडणारा. त्यात वंश हा मुद्दा घातलेलाच नव्हता. पण "किती आजारी" हे मोजणार कसं, तर बनवणाऱ्यांनी "उपचारांवर किती खर्च होईल" हे त्याच्या जागी धरलं. वाटायला किती रास्त वाटतं ना? पण कृष्णवर्णीय पेशंटवर तितकाच आजार असताना खर्च कमी होत होता, कारण त्यांना उपचारच कमी मिळत होते. परिणाम असा की स्कोअर सारखा असला तरी ते प्रत्यक्षात जास्त आजारी असायचे. हे दुरुस्त केलं तर जादा मदतीसाठी निवडल्या जाणाऱ्यांत त्यांचा वाटा १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्के झाला असता. एक चुकीचा कॉलम, बस.

कधीकधी गडबड मॉडेलच्याही आधी, यंत्रातच असते. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घ्या. २०२० मधल्या एका अमेरिकन अभ्यासात यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तातला खरा ऑक्सिजन ८८ च्या खाली असण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय पेशंटमध्ये ११.७ टक्के आणि गोऱ्यांमध्ये ३.६ टक्के निघालं. आता हाच आकडा पुढे दहा मॉडेलांत जातो, आणि तिथे तो "डेटा" म्हणून जातो, शंका घ्यायला कोणी उरत नाही.

मॉडेल "शॉर्टकट" शिकतं म्हणजे काय?

परीक्षेत उत्तर येत नसताना पेपर तपासणाऱ्याच्या सवयी ओळखून मार्क मिळवणारा मुलगा असतो ना, तसं. २०१८ मध्ये एक्स-रेवरून न्यूमोनिया ओळखणारं एक मॉडेल तपासलं तर ते फुप्फुसांसोबत एक्स-रे कोणत्या हॉस्पिटलचा आहे तेही ओळखत होतं, कोपऱ्यात टेक्निशियनने ठेवलेल्या धातूच्या खुणेवरूनसुद्धा. एका हॉस्पिटलमध्ये न्यूमोनियाचे पेशंट जास्त, मग हॉस्पिटल ओळखलं की अर्धं काम झालं.

कोविडच्या वेळी तर याचा पूर आला. छातीच्या फोटोंवरून कोविड ओळखणाऱ्या मॉडेलांचे पेपर शेकड्याने आले, आणि २०२१ मध्ये संशोधकांनी त्यातले बऱ्यापैकी ६२ नीट निवडून तपासले तेव्हा प्रत्यक्ष वापरण्याजोगं एकही निघालं नाही. काहींनी कोविड नसलेल्यांचे म्हणून जे एक्स-रे घेतले ते १ ते ५ वर्षांच्या लहान मुलांचे होते, आणि कोविडचे मोठ्या माणसांचे. म्हणजे मॉडेल कोविड नाही, वय ओळखत होतं. चूक वाईट हेतूने झालेली नव्हती, घाई होती, फुकट मिळाला तो डेटा उचलला.

मग कारण सांगणारं मॉडेलच घ्यावं ना, आत काय चाललंय ते न दाखवणारा काळा डबा कशाला?

तत्त्वतः हो, पण "कारण" या शब्दाने फसू नका. एक्स-रेवर लाल-पिवळा ढग रंगवून देतात ते मॉडेलने कुठे बघितलं ते सांगतं, का ते नाही. डॉक्टर मात्र तो ढग बघून सुखावतात, हे मी स्वतः पाहिलंय.

खरंखुरं वाचता येणारं मॉडेल मात्र सोन्यासारखं. न्यूमोनियाच्या कोणत्या पेशंटला घरी पाठवायला हरकत नाही ते ठरवणारी मॉडेलं १९९० च्या दशकात अमेरिकेत करून बघितली होती. त्यातल्या साध्या, नियम दाखवणाऱ्या मॉडेलने एक अजब नियम काढला: दमा असेल तर मरण्याचा धोका कमी. का? कारण दमेकऱ्याला न्यूमोनिया झाला की त्याला थेट आयसीयूत न्यायचे, जीव तोडून उपचार करायचे, म्हणून ते वाचायचे. मॉडेलचं ऐकून त्यांना घरी पाठवलं असतं तर? न्यूरल नेटवर्क, म्हणजे काळ्या डब्यातलंच एक मॉडेल, आकड्यांत जास्त भारी होतं, पण त्याच्या पोटात असं आणखी काय काय लपलंय ते दिसत नव्हतं म्हणून ते बाजूला ठेवलं. मला हा निर्णय फार आवडतो, कारण स्वतःचं जास्त मार्कांचं काम बाजूला ठेवायला जिगर लागते.

एका ठिकाणी यशस्वी झालेलं दुसरीकडे का बोंबलतं?

कारण प्रयोगात उजेड चांगला असतो, अगदी खरोखरचा उजेड. डायबिटीसमुळे डोळ्याचा पडदा खराब होतो, तो ओळखणारं गूगलचं मॉडेल २०१६ च्या पेपरमध्ये उत्तम ठरलं होतं. पुढे ते थायलंडमधल्या ११ क्लिनिकमध्ये नेलं. नर्सेस गर्दीत फोटो काढतायत, खोलीत हवा तसा अंधार नाही, आणि मॉडेल धूसर फोटो नाकारतंय. पहिल्या सहा महिन्यांत १,८३८ फोटो टाकले त्यातले २१ टक्के नाकारले गेले. नेट स्लो असलं की अपलोडसाठी रांग थांबलेली. ज्याचा फोटो नाकारला त्याला सांगायचं, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या ठिकाणी जा. कामधंदा बुडवून आलेल्या माणसाला असं सांगणं किती अवघड असेल बघा. मॉडेल "चुकलं" नव्हतंच, ते सावध होतं, पण त्या खोलीसाठी बनलेलं नव्हतं.

सेप्सिसचं उदाहरण जास्त गंभीर आहे. सेप्सिस म्हणजे इन्फेक्शनमुळे शरीराचे अवयव बंद पडायला लागतात ते, तासातासाने हाताबाहेर जातं. अमेरिकेतल्या शेकडो हॉस्पिटलांत एक तयार स्कोअर वापरात होता. २०२१ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या लोकांनी ३८,४५५ भरती झालेल्या केसेसवर तो स्वतंत्रपणे तपासला तर सेप्सिसच्या ६७ टक्के पेशंटवर अलर्ट वाजलाच नव्हता, आणि दुसरीकडे भरती झालेल्यांपैकी १८ टक्के लोकांवर तो वाजत होता. आता वॉर्डात काय होतं ते डोळ्यासमोर आणा. नर्सच्या एका हातात सलाइन, स्क्रीनवर पिवळी खिडकी उघडते, ती न वाचता बंद करते, पाच मिनिटांनी परत उघडते, परत बंद. संध्याकाळपर्यंत बोट आपोआप त्या फुलीवर जायला लागतं. मग एखादा खरा अलर्ट आला तरी तोही त्याच फुलीने बंद होतो, आणि त्यात नर्सला दोष देणं हा शुद्ध अन्याय आहे.

एकदा टेस्ट करून पास झालं की झालं ना?

नाही. लॅबचं मशीन बदलतं, फॉर्म बदलतो, पेशंट बदलतात. वर सांगितलेल्या मिशिगनच्याच हॉस्पिटलने एप्रिल २०२० मध्ये सेप्सिसचा अलर्ट बंद केला होता, कारण कोविडमुळे पेशंटच वेगळे यायला लागले आणि तापाचा आणि सेप्सिसचा जुना संबंधच ढासळला. बंद करायचा निर्णय घेणारी टीम त्यांच्याकडे होती, हे महत्त्वाचं. खूप ठिकाणी मॉडेल लावायचा कार्यक्रम होतो, फोटो निघतात, आणि नंतर ते कोण बघतं हे कोणालाच माहीत नसतं.

माझं नाव काढून टाकलं की माझा डेटा सुरक्षित, बरोबर?

अर्धवट बरोबर. लटान्या स्वीनी नावाच्या संशोधिकेने १९९० च्या दशकात, नावं काढून दिलेल्या मेडिकल रेकॉर्डमधून मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरची फाइल शोधून दाखवली होती. मतदार यादी विकत घेतली, जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड जुळवला, सापडले साहेब. या तीन गोष्टींवरून अमेरिकेतले ८७ टक्के लोक एकमेव ठरू शकतात, असा तिचा २००० सालचा अंदाज होता. दुर्मिळ आजार असेल तर एवढंही लागत नाही.

म्हणून आता डेटा बाहेर न नेता मॉडेलच प्रत्येक हॉस्पिटलमध्ये फिरवून शिकवायची पद्धत आलीये, फेडरेटेड लर्निंग म्हणतात. चांगली आहे, पण जादू नाही, शिकलेल्या मॉडेलमधूनही माहिती गळू शकते. आणि संमतीचं काय? १४ पानी फॉर्मवर ऑपरेशनच्या आदल्या रात्री घेतलेली सही, तिला मी संमती म्हणायला कचरते.

चॅटबॉटला लक्षणं विचारू का?

विचारा, लोक विचारतातच, "नका विचारू" म्हणणं म्हणजे तोंडदेखलं. रिपोर्टमधले शब्द समजून घ्यायला, डॉक्टरांना काय विचारायचं त्याची तयारी करायला मी पण वापरते. औषधाचा डोस, औषध बंद करणं, छातीत दुखणं, यासाठी नाही. २०२५ मध्ये एक केस छापून आली, साठ वर्षांच्या माणसाने चॅटबॉटशी बोलून जेवणातल्या मिठाऐवजी सोडियम ब्रोमाइड घ्यायला सुरुवात केली, तीन महिने घेतलं, आणि भ्रम होऊन हॉस्पिटलात पोचला. ब्रोमाइडची विषबाधा हल्ली डॉक्टरांना बघायलाही मिळत नाही इतकी जुनी गोष्ट. चॅटबॉट खोटं बोलतो असं नाही, त्याला खरं-खोटं यातला फरक लागतच नाही, शोभेल असं पुढचं वाक्य तो देतो. आणि ते इतक्या ठाम आवाजात की आपण परत विचारत नाही.

डॉक्टरांचं बोलणं ऐकून नोट्स लिहिणारी टूल्सही याच जातीची. २०२४ मधल्या एका अभ्यासात व्हिस्पर या टूलने साधारण १ टक्का क्लिप्समध्ये न बोललेली वाक्यं घुसडलेली सापडली, विशेषतः माणूस मध्ये थांबत बोलत असेल तर. म्हणजे ज्याला बोलायला त्रास होतो त्याच्याच फाइलमध्ये जास्त गडबड. तुमची नोट मिळत असेल तर वाचा बुवा.

डॉक्टर आळशी होतील का? की नोकऱ्याच जातील?

नोकऱ्यांचं भविष्य सांगायच्या भानगडीत मी पडत नाही. एआयमधले नामवंत संशोधक जेफ्री हिंटन यांनी २०१६ मध्ये म्हटलं होतं की रेडिओलॉजिस्ट (एक्स-रे, स्कॅन वाचणारे डॉक्टर) घडवणं आता थांबवा, आणि त्यांना पुढे नोबेल मिळालं, पण रेडिओलॉजिस्टची गरज काही संपली नाही. हात विसरण्याची भीती मात्र खरी वाटते. पोलंडमधला २०२५ चा अभ्यास बघा, कोलोनोस्कोपीत (मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीत) गाठी दाखवणारा एआय आल्यानंतर, तोच एआय बंद असताना डॉक्टरांना गाठी सापडण्याचं प्रमाण २८.४ वरून २२.४ टक्क्यांवर आलं होतं. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, दुसरीही कारणं असू शकतात, तरी मी असते तर महिन्यातले काही दिवस मुद्दाम मशीन बंद ठेवून काम करायला लावलं असतं.

मग चांगलं काही झालंय की नुसतं रडगाणंच?

झालंय की! स्वीडनमध्ये ८० हजारांहून जास्त बायकांवर मॅमोग्राफीची (स्तनांच्या एक्स-रेची) रीतसर चाचणी झाली, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करून. २०२३ मधल्या निकालात एआयच्या मदतीने दर हजारी ६.१ कॅन्सर सापडले, नेहमीच्या पद्धतीने ५.१, खोटे अलर्ट वाढले नाहीत आणि डॉक्टरांचं फोटो वाचायचं काम ४४ टक्क्यांनी कमी झालं. एआयने डॉक्टर हटवले नाहीत, कोणते फोटो एकाने बघायचे आणि कोणते दोघांनी ते ठरवलं. इतकी साधी जागा शोधली म्हणून जमलं, असं माझं मत.

चूक झाली तर जबाबदार कोण?

आज बहुतेक ठिकाणी सही करणारा डॉक्टर. कंपनी म्हणते आमचं फक्त सहाय्यक साधन आहे. सल्ला ऐकला आणि चुकला तरी डॉक्टर अडकला, ऐकला नाही आणि तो बरोबर निघाला तरी डॉक्टरच. एक वेगळं उदाहरण आहे, डोळ्याचा पडदा डॉक्टरशिवाय तपासणारी आयडीएक्स ही सिस्टिम, तिला एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली आणि तिच्या निर्मात्यांनी निदानाची जबाबदारी स्वतःवर घेतली. युरोपचा एआय कायदा १ ऑगस्ट २०२४ पासून लागू झालाय, टप्प्याटप्प्याने अंमलात येतोय, त्यात मेडिकल उपकरणांतला बराचसा एआय जास्त जोखमीचा धरलाय.

आमच्या हॉस्पिटलला एक सिस्टिम विकायला आलेत, काय विचारू?

डेमो बघू नका, डेमो सगळ्यांचेच छान असतात. विचारा की हे कोणत्या पेशंटवर शिकवलंय, बाहेरच्या लोकांनी तपासलंय का, आणि आमच्या मागच्या वर्षीच्या डेटावर चालवून दाखवाल का. मग तीनेक महिने मुकं चालवा, म्हणजे मागे स्कोअर निघत राहील पण डॉक्टरांना दिसणार नाही, नंतर ताळा करा. बंद करायचं बटण कोणाकडे आहे ते लेखी घ्या. आणि रात्रपाळीच्या नर्सला मीटिंगला बसवा, प्लीज.

पेशंट म्हणून मी "एआय नको" म्हणू शकते का?

विचारायला तरी काहीच हरकत नाही: माझ्या रिपोर्टमध्ये एआय वापरलाय का, कोणी माणसाने तो स्वतः बघितलाय का, आणि दोघांचं मत वेगळं असतं तर तुम्ही काय केलं असतं. तिसरा प्रश्न सगळ्यात कामाचा. एकदा एका डॉक्टरांना विचारला तर ते क्षणभर थांबले, स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि म्हणाले, "हे बघा, इथे मी त्याचं ऐकलेलं नाहीये," आणि का नाही ऐकलं ते पाच मिनिटं समजावून सांगत बसले.